डिस्क माझी, मग डाउनलोड बेकायदा कसं?

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लेस्टेशन २ आणि त्याच्या बऱ्याच डिस्क आहेत. कन्सोल सुरू होतो, पण डिस्क वाचत नाही. मुलाने लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला आणि आता एका साइटवरून तेच गेम फुकट उतरवायला निघालाय. ‘डिस्क आपल्याच आहेत, मग चोरी कसली?’ असं त्याचं म्हणणं. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : एम्युलेटरपुरतं बरोबर आहे. प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारा एम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर सोनीने दावा लावला होता. २००० साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. अभ्यासासाठी सोनीच्या कोडची प्रत काढणं ‘फेअर यूज’ ठरलं, कारण विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो कोड नव्हता.

डाउनलोडचं मात्र तसं नाही. डिस्क घेतलीत म्हणजे ती एक प्रत तुमची झाली. परक्याने काढलेली दुसरी प्रत घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. गेम बाजारातून गेला तरी कॉपीराइट राहतो. कंपनीच्या कामाला तो सहसा प्रसिद्धीपासून ९५ वर्षं असतो. वैधानिक भरपाई एका गेममागे साधारण ७५० ते ३०,००० डॉलर, हेतुपुरस्सर केलं तर दीड लाखापर्यंत. गाजलेले दावे साइट चालवणाऱ्यांवर झाले आहेत. ‘रॉमयुनिव्हर्स’ या साइटच्या मालकावर २०२१ मध्ये २१ लाख डॉलरचा बोजा पडला. पण म्हणून डाउनलोड कायदेशीर होत नाही.

त्यापेक्षा आपल्याच डिस्कची प्रत काढा. प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी संगणकाच्या साध्या ड्राइव्हमध्ये वाचता येते. कॉपीराइट कायद्याचं कलम ११७ प्रोग्रामच्या मालकाला राखीव प्रत ठेवू देतं. ती प्रत रोज खेळायला वापरावी का, यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. तरी हा मार्ग डाउनलोडपेक्षा कितीतरी भक्कम. एम्युलेटरला लागणारा बायॉस, म्हणजे कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर, तोही सोनीचाच, म्हणून तो नेटवरून न घेता स्वतःच्या कन्सोलमधून काढा. तुमचा कन्सोल सुरू होतो, तेव्हा ते जमेल.

नव्या कन्सोलच्या बाबतीत हे धाडस नको. त्यांचे गेम कूटबद्ध असतात आणि ते कुलूप तोडणं १९९८ च्या डीएमसीए कायद्याने निषिद्ध आहे. निन्टेन्डोने स्विचच्या ‘युझू’ एम्युलेटरवर याच मुद्द्यावर दावा लावला. २०२४ मध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड झाली.

सुरक्षिततेचं सांगायचं तर, एम्युलेटर फक्त त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. गेमच्या नावाखाली ‘ईएक्सई’ फाइल आली तर उघडू नका. डिस्कची प्रत सहसा ‘आयएसओ’ किंवा ‘बिन’ असते. आणि आधी स्टीम व जीओजी या ऑनलाइन दुकानांत शोधा. अनेक जुने गेम तिथे थोडक्या डॉलरांत अधिकृतपणे मिळतात.

डिस्क जपून ठेवा. पुढे विकल्यात, तर संगणकावरची प्रतही पुसावी लागेल.