दर्या की दऱ्या? प्रणाली बदलताना मराठी मजकुराचं काय होतं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून नवनगरातल्या आमच्या घरी लोक आपापले जुने लॅपटॉप घेऊन येऊ लागले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक मशीनचं तिथेच अडतं. मशीन ठणठणीत चालतंय, फक्त कंपनीच्या लेखी ते म्हातारं झालंय. मग कुणीतरी सांगतं, ‘तो मराठी शिकणारा पोरगा आहे ना, तो लिनक्स टाकून देतो.’

मी संगणकाचा विद्यार्थी नाही, पण बारावीपासून हा छंद जडलाय. लिनक्स कसं टाकायचं ते इथे सांगत नाही. पेनड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार असली की कुणालाही जमतं. आपल्या साहित्य मंडळाला उपयोगी पडेल असा प्रश्न वेगळा आहे. मशीनवरची प्रणाली बदलली की त्यावरच्या मराठी मजकुराचं काय होतं?

आधी माझी भटकंती थोडक्यात. विंडोज ७ वरून उबुंटू, मग फेडोरा, मग लिनक्स मिंट आणि आता डेबियन. ही सगळी एकाच घराण्यातली. लिनक्स हे खरं तर आतल्या गाभ्याचं नाव, तो लिनस तोरवाल्ड्सनं १९९१ साली लिहायला घेतला. त्याभोवती बाकीची सॉफ्टवेअर जमवून, तपासून आपल्या हातात देतात ती ही वितरणं. दिसण्यात फार फरक नसतो, फरक असतो तो अपडेटच्या लयीत. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं. उबुंटूची लांब पल्ल्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. डेबियन त्याहून सावकाश, तयार झालं की येतं. साहित्याच्या विद्यार्थ्याला कंटाळवाणी प्रणाली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यात काही नवं घडत नाही, ती.

अर्थात तिथेही काही कायमचं नसतं. घरातलं एक नेटबुक ३२ बिटांचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तसल्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून ते बिचारं १२ वरच थांबलंय.

आता मुद्द्याकडे. मंडळाच्या जुन्या अंकांच्या फाइल एका सीडीवर होत्या. त्या मी लिनक्सवर उघडल्या तर कवितांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि तिरक्या रेघा यांचा काला. फाइल खराब झालेली नव्हती. ती युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली होती आणि तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता, एवढंच.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा फाइल असतील. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या आकड्याचं अक्षर कोणतं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असावं लागतं. जुन्या मराठी-हिंदी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीची चित्रं बसवली. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी क आहे आणि ‘एफ’च्या जागी पहिली वेलांटी. म्हणजे कागदावर ‘कि’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात ‘एफ, डी’ असतं. ‘धर्म’ हा शब्द तर तिरकी रेघ, के, ई, झेड असा साठतो: अर्धा ध, त्याची उभी दांडी, म आणि शेवटी रफार. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो हा काला.

यावरून मला ख्रिस्तपुराण आठवतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे खिळे पाडण्याची सोय तिथे नव्हती. त्यांच्या पानावर डोळ्याला रोमन दिसतं आणि कानाला मराठी ऐकू येतं. जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये उलट, डोळ्याला मराठी आणि पोटात रोमन! पुढचीही गोष्ट बघा. १६१६ नंतर ते १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं, पण त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज मिळत नाही. काव्य वाचलं ते लोकांनी हातानं केलेल्या नकलांमुळे. जे. एल. सल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला काढलेली आवृत्तीही हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली.

तर मग युनिकोड आधी का वापरलं नाही? युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि देवनागरी तिच्यात सुरुवातीपासून आहे. मांडणीही आपल्याच इस्की या भारतीय संकेतावरून घेतलेली. पण संकेत असणं वेगळं आणि पडद्यावर जोडाक्षर नीट दिसणं वेगळं. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येसुद्धा मराठीसाठी सेटिंगमध्ये जाऊन एक चौकोन निवडावा लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ज्याला संध्याकाळपर्यंत लग्नपत्रिका छापून द्यायची आहे, तो डीटीपीवाला ही उठाठेव कशाला करेल? विंडोजमधला मंगल हा युनिकोड फॉन्ट मात्र मराठी माणसाच्या हातचा आहे. र. कृ. जोशी यांनी तो घडवला, आणि ते कवीही होते. अभ्यासक्रमात त्यांचं नाव लघुअनियतकालिकांच्या प्रकरणात येतं. फॉन्टच्या यादीत ‘मंगल’ दिसला की मला हे प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

आता मंडळाच्या फाइल. जुना फॉन्ट मिळवून लिनक्समध्ये बसवला तर पानं वाचता येतात. पण शोध घेता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही, ई-अंकात घेता येत नाही. म्हणून मजकूरच युनिकोडमध्ये आणायचा होता. त्यासाठी एक जुना छोटा प्रोग्राम मिळाला, पण तो पायथन २ मधला. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे आणि नव्या डेबियनमध्ये ते मिळतही नाही. पायथन ३ मध्ये नेताना ओळ न् ओळ तपासावी लागली, कारण मजकूर साठवण्याची कल्पनाच दोन्हींत वेगळी आहे. दोनमध्ये साधी अक्षरमाला म्हणजे नुसते बाइट, तीनमध्ये ती थेट युनिकोड.

नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ‘धर्म’मध्ये रफार दिसतो म वर आणि जुन्या फाइलमध्ये साठतोही म नंतर, पण युनिकोडला तो म च्या आधी हवा: ध, र, हलन्त, म. म्हणजे प्रोग्रामला प्रत्येक वेलांटी पुढे ढकलायची आणि प्रत्येक रफार मागे ओढायचा, तेही मधलं जोडाक्षर आणि काना-मात्रा ओलांडून. ‘मूर्तीं’सारखा शब्द आला की तो गडबडतो. मग दुरुस्ती, पुन्हा सगळे अंक त्यातून काढायचे, पुन्हा तपासायचे. देखभाल म्हणतात ती हीच, फार रोमांचक काही नाही. कन्नड विभागातला मित्र म्हणाला, ‘आमच्याकडं नुडी, बरहाच्या जुन्या फाइलींचं ह्येच दुखणं हाय की!’

आणि इथे ती दर्या-दऱ्याची भानगड येते. मंडळाच्या एका माजी सदस्य बाई, मूळच्या खानापूरकडच्या, गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या मुलीला आईची जुनी कविता हवी होती. हस्तलिखित घरी नाही, छापील अंकही नाही, जे आहे ते सीडीवर. प्रोग्राममधून कविता बाहेर आली. एका ओळीत मधोमध शब्द होता ‘दर्या’. समुद्र. अर्थ लागत होता. त्या शब्दाला विशेषण नाही, क्रियापद नाही, त्यामुळे व्याकरणाकडून काही कळायला मार्ग नव्हता.

पण मराठीत रफार वेगळा आणि ऱ वेगळा. आचार्यांना वाढलं आणि आचाऱ्यांना वाढलं, यात माणसं बदलतात. हिंदीला ही खूण लागत नाही, म्हणून हिंदी कामासाठी बनलेल्या जुन्या फॉन्टमध्ये ती मिळेलच असं नाही. टाइप करणारा तिथे रफारच मारून मोकळा होतो. म्हणजे फाइलमध्ये काय दाबलं ते कळतं, कवयित्रीनं काय लिहिलं होतं ते नाही.

धारवाडला जाताना चिगरी बसमध्ये मी त्या कवितेच्या मात्रा मोजल्या. सोळा मात्रांच्या ओळी, एकही कमी-जास्त नाही. फक्त त्या ओळीत सतरा. ‘दर्या’मध्ये रफारामुळे द वर आघात येतो, तो गुरू होतो, दोन अधिक दोन, चार मात्रा. ‘दऱ्या’मध्ये आघात नाही, द लघूच राहतो, तीन मात्रा. म्हणजे ओळ दऱ्यांची होती. खानापूरच्या माणसाला समुद्रापेक्षा दऱ्या जवळच्या, हे नंतर सुचलं, पण निकाल मात्रांनीच दिला. छंदशास्त्राचा पेपर असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

युनिकोडमध्ये आल्यावरही ऱ पूर्ण सुटत नाही. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. कोणती तऱ्हा उमटेल ते तुमचा कीबोर्ड ठरवतो. ‘ॲ’चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन भागवलेलं असतं. मंडळाच्या अंकात मी सगळीकडे पहिला ऱ आणि नवा ॲ ठेवतो.

म्हणून लेख पाठवणाऱ्यांना एक विनंती. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. विंडोज असो, लिनक्स असो, अक्षरांच्या जागा त्याच राहतात. क हा ‘के’वर, ळ हा शिफ्ट आणि ‘एन’वर, ऱ हा शिफ्ट आणि ‘जे’वर. शिवाय कन्नडच्या इनस्क्रिप्टमध्येही क त्याच कळीवर आहे, आपल्या गावात ही सोय लहान नाही. पंधरा दिवस बोटं कुरकुरतात, मग बसतात.

सीडीवरचे अंक जवळजवळ सगळे झालेत. एक राहिलाय. त्यात कवितांची शीर्षकं दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टमध्ये आहेत आणि त्या फॉन्टचं नावही फाइलमध्ये उरलेलं नाही. ज्यांच्याकडे मंडळाचे जुने छापील अंक असतील त्यांनी फक्त अनुक्रमणिकेचा फोटो पाठवावा. शीर्षकं मी हातानं टाइप करीन.