जीपच्या पोटातील दुसरी गिअरपेटी

महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ कोणता, ठाऊक आहे? अक्कलकुवा! नंदुरबार जिल्ह्यातील याच तालुक्यात, नर्मदेच्या काठी, मणिबेली हे गाव आहे. सातपुड्याच्या या भागातील कच्च्या वाटा म्हणजे खडी चढण, दगडगोटे आणि मधूनमधून ओढे. दवाखान्यात न्यायचा रुग्ण घेऊन निघालेली जीप अशा वाटेवर अडली, तर पुढे खांद्यावरची झोळीच! म्हणून जीप चढण कशी चढते आणि ती अडू नये म्हणून काय करावे, ते आज पाहू.

तीन दांडे कशासाठी?

जुन्या जीपमध्ये चालकाजवळ तीन दांडे दिसतात. एक नेहमीच्या गिअरचा. उरलेले दोन दुसऱ्या गिअरपेटीचे. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. त्यांपैकी एका दांड्याने पुढची चाके इंजिनाला जोडली जातात, तर दुसऱ्याने वेग आणखी कमी करता येतो.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे उदाहरण घेऊ. पुढे भारतात महिंद्र कंपनीने याच घराण्यातील जीपगाड्या बांधल्या. त्या युद्धकालीन जीपच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, जास्तीत जास्त सुमारे 142 न्यूटन-मीटर होता. पहिल्या गिअरमध्ये तो 2.67 पट, ट्रान्स्फर केसमध्ये 1.97 पट आणि आसाजवळच्या दंतचक्रांत 4.88 पट होई. गुणाकार करून पाहा: सुमारे 26 पट! अर्थात फुकट काहीच मिळत नाही. पीळ जितका वाढला, तितकाच वेग घटला. शिवाय थोडी ऊर्जा घर्षणात गेली, ती वेगळीच.

दुखणे कोठे असते?

या पेटीच्या मध्यभागी एक मधले दंतचक्र असते. जीप दोन चाकांवर चालो की चार, इंजिनाची सारी ताकद त्याच्यातूनच जाते. ते एका स्थिर शाफ्टभोवती बारीक सुयांसारख्या बेअरिंगवर फिरते. पहिल्या गिअरमध्ये पेटीत येणारा पीळ 142 × 2.67, म्हणजे सुमारे 380 न्यूटन-मीटर. दंतचक्राची त्रिज्या 5 सेंमी. धरली, तर दातावरील बल 7,600 न्यूटन. जवळजवळ पावणेआठशे किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन!

एवढ्या बलाने शाफ्ट किंचित वाकतो. मग दात पूर्ण रुंदीवर न टेकता कडेशीच टेकतात. भार तोच, पण जागा थोडी; म्हणजे दाब जास्त. कडा झिजतात, तुटतात. दोष दाताचा दिसतो, पण मूळ शाफ्टमध्ये असते!

युद्धकालीन पेटीत हा शाफ्ट पाऊण इंच जाडीचा होता. पुढे तो सव्वा इंचाच्या जवळपास एक-अष्टमांश कमी, म्हणजे 1⅛ इंच झाला आणि नंतर पूर्ण सव्वा इंच. पहिला बदल दीडपटीचा. पण गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताठपणा तर चौथ्या घाताच्या! 1.5 चा घन 3.4 आणि चौथा घात 5.1. थोड्याशा पोलादाने केवढा फरक पडला!

दुरुस्ती करताना

म्हणूनच चांगला मेकॅनिक पेटी उघडल्यावर केवळ तुटलेले चक्र बदलून थांबत नाही. शाफ्टवर चरे आहेत काय, सुया झिजल्या आहेत काय, बेअरिंग सैल आहेत काय, हे तो पाहतो. झिजलेल्या शाफ्टवर नवे चक्र बसवले, तर तेही लवकरच जुन्याच्या वाटेने जाते. तेल दुधाळ दिसले, तर ओढ्याचे पाणी आत शिरले असे समजावे. अशा तेलाने वंगण नीट होत नाही आणि पोलाद गंजते.

चालकानेही एक पथ्य पाळावे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरतात आणि फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र घसरण्यास वाव नसतो. ताण पेटीवर येतो. तेथे पुढच्या चाकांची जोडणी काढून टाकावी.

करून पाहा

दोन पुस्तकांवर प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी ठेवा, मध्यभागी दोऱ्याने वजन टांगा आणि वाक मोजा. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून पुन्हा मोजा. पट्टी तीच, वजन तेच. मग वाक कोठे गेला? याचे उत्तर ज्याला सापडले, त्याला जीपचा शाफ्ट जाड का केला, हे वेगळे सांगावे लागणार नाही.