जबडा वाजतोय म्हणून घाबरू नकोस

सूनबाई, घास चावताना कानाशी कटकट वाजतंय म्हणून कानात तेल सोडू नकोस. दुखणं कानाचं नव्हे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेव आणि तोंड उघड-मीट कर. बोटाखाली हलतं ना, तो जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो, शिवाय तोंड मोठं उघडलं की पुढेही सरकतो. मधली चकती जागची जरा हलली की आवाज येतो. नुसताच आवाज असेल, दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर त्यावर काही करायला नको.

दुखत असेल तर मात्र दोनेक आठवडे जबड्याला आराम दे. माळेगावच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की पणदऱ्यातली पोरं बांधावर बसून दाढांनी ऊस सोलतात. तुलाही तेच आवडतं, ठाऊक आहे मला. ऊस, कणीस, चिक्की, सुपारी बंद. भाकरी आमटीत कुस्करून खा, नाहीतर मऊ खिचडी. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं गालावर धर. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लाव. पण तोंड मिटून गप्प बसू नकोस, तशाने जबडा आखडतो.

खरी खोड वेगळीच आहे. मोबाईल बघताना, हिशेब करताना तू दात आवळून बसतेस. दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला. दिवसातून आठवेल तेव्हा तपासून बघ. गोळीपेक्षा याचाच गुण जास्त, असं माझं मत.

रात्री झोपेत दात खाणारं पोर दिसलं की गावात लगेच जंत झाले म्हणतात. जंताचं औषध शाळेत देतात ते घेऊ द्यावं, पण दात खाण्यामागे बहुतेक वेळा जंत नसतात आणि लहानपणीची ही सवय सहसा आपोआप जाते. मोठ्या माणसाचे दात झिजत असतील तर दातांचे डॉक्टर मापाने कवच करून देतात, ते रात्री घालायचं. दात घासून किंवा काढून जबडा बरा करतो म्हणणाऱ्याकडे मात्र घाईने जाऊ नकोस.

तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावली पाहिजेत. धाकट्याला बघायला सांग. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, पण पुड्या मिळतातच. तिखटाने तोंड भाजतं, गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, तोंड हळूहळू कमी उघडतं, हे सांध्याचं नव्हे, सुपारीचं. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्याला खिचडी खाऊ घालत बसू नका, बारामतीला घेऊन जा.

उसाचा बुडखा किंवा कोयता लागला आणि काही दिवसांनी जबडा ताठला, तर धनुर्वात समजा आणि त्याच घटकेला दवाखाना गाठा. चालताना जबडा दुखतो, छाती भरून येते, घाम फुटतो, तर ते हृदयाचं. जांभईत तोंड उघडंच राहिलं, तर घरात कुणी ओढाओढी करू नये. हनुवटीला हाताचा आधार द्या आणि गाडी काढा.