कढईतले काळे तेल

बाजाराच्या दिवशी आपण पारशिवनीला येतो. भाजी घेतो. तिखट-मीठ घेतो. मग पाय टपरीकडे वळतात. गरम आलुबोंडा खाल्ला, वर चहा घेतला, की थकवा जातो. मीही खात असे. शाळेत होतो तेव्हा मधल्या सुट्टीत रोज दोन आलुबोंडे ठरलेले.

आता त्या कढईकडे नीट बघा. सकाळी तेल पिवळे असते. दुपारी लाल होते. संध्याकाळी काळे होते. त्यावर फेस येतो. धूर लवकर निघतो. उद्या त्यातच नवे तेल ओततात. टपरीवाला वाईट माणूस नव्हे. तेल महाग आहे, ते फेकवत नाही. आणि आपण घरी काय करतो? दिवाळीच्या चकल्यांचे तेल भज्यांना, भज्यांचे पुऱ्यांना!

तेल पुन्हा पुन्हा तापले की नासते. त्यात शरीराला घातक असे पदार्थ तयार होतात. म्हणून सरकारने १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला. अशा पदार्थांचे प्रमाण शंभरात २५ च्या वर गेले, की ते तेल तळायला वापरायचे नाही.

काही ठिकाणी तेलाऐवजी वनस्पती तूप वापरतात. आपण त्याला डालडाच म्हणतो. डालडा १९३७ साली बाजारात आला. नाव तूप, पण ते तूप नव्हे. तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करतात. त्यात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. ती रक्तातली वाईट चरबी वाढवते आणि चांगली कमी करते. रक्ताच्या नळ्यांत थर बसतो. जानेवारी २०२२ पासून ही चरबी शंभरात २ पेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. पण नियम कढईत उतरून पाहत नाही.

निवृत्त झाल्यावर माझ्या छातीत दुखू लागले. मला नवल वाटले. तंबाखू नाही, दारू नाही, मला काय होणार? डॉक्टरांनी आधी खाणे विचारले. सगळे आलुबोंड्यानेच झाले, असे ते म्हणाले नाहीत. वय होते, चालणे कमी होते. पण तळलेले बंद करा, म्हणाले.

आता घरी आम्ही कढईत तेल बेताचेच घेतो. धूर निघेपर्यंत तापवत नाही. उरलेले तेल गाळून ठेवतो आणि एक-दोन दिवसांत फोडणीत संपवतो. पुन्हा त्यात तळत नाही. बाजारात मी फुटाणे घेतो, नाहीतर उकडलेल्या शेंगा. आलुबोंड्याची आठवण येते, खोटे कशाला बोलू?

एकदा टपरीवाल्याला विचारले, "भाऊ, तेल कधी बदलले?"

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, आजपावतो कोणीच नाही पुसलं."

पुढच्या बाजाराला त्याच्याकडे लहान कढई दिसली. तीत तेल कमी मावते. घाणे काढता काढता ते संपून जाते, उद्यासाठी उरत नाही.