सातारा–सांगली लोहमार्ग : अल्प खर्चात निसर्गदर्शन

प्रवास हे लोकशिक्षणाचे एक प्रभावी साधन आहे, ही गोष्ट आता नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि, प्रवासात जे पाहावयाचे ते किती खर्चात पाहता येते, हा प्रश्न मात्र ग्रामीण कुटुंबाच्या आणि शाळेच्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे. गेल्या काही वर्षांत रेल्वेने काचेच्या छताचे डबे काही गाड्यांना जोडले आणि त्यांची चर्चा सातारा–सांगलीपर्यंत पोहोचली. 'आपल्या मार्गावर असा डबा केव्हा येणार?' असे विद्यार्थी विचारतात आणि पंचायतीच्या सभेतही कुणी विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना, जे आपल्या दारात आहे त्याकडे आपले दुर्लक्ष होत नाही ना, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.

काचेच्या छताचा डबा

डब्याच्या छतावर काचेचा घुमट बसवून प्रवाशांना चहूकडचा प्रदेश दाखविण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विशेष पुढे आली. १९४५ साली तेथे असा डबा धावू लागला. १९४९ साली शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को परिसर या मार्गावर सुरू झालेल्या 'कॅलिफोर्निया झेफर' या गाडीत असे पाच डबे होते आणि त्यांपैकी तीन साध्या बैठकीच्या प्रवाशांसाठी होते. ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शयनयानाचे तिकीट परवडत नसलेल्या प्रवाशालाही रॉकी पर्वत घुमटाखाली बसून पाहता येत असे.

आपल्याकडे 'व्हिस्टाडोम' या नावाने ओळखला जाणारा डबा एप्रिल २०१७ मध्ये विशाखापट्टणम–अरकू मार्गावर सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दादर–मडगाव जनशताब्दीला, तर जून २०२१ मध्ये मुंबई–पुणे डेक्कन एक्सप्रेसला तो जोडण्यात आला. चेन्नईच्या कारखान्यात तयार झालेल्या नव्या रचनेच्या डब्यात ४४ आसने असून ती हव्या त्या दिशेला फिरविता येतात. खिडक्या मोठ्या, छतात काचा आणि एका टोकास उभे राहून पाहण्याची सोय, अशी त्याची रचना आहे. द्वितीय श्रेणीच्या बैठकीच्या डब्यात शंभरहून अधिक प्रवासी बसतात. येथे ४४ आसनांतच, शिवाय वातानुकूलनासह, खर्च भागवावयाचा असतो. त्यामुळे या डब्याचे भाडे द्वितीय श्रेणीच्या कित्येक पट असते. चार जणांच्या शेतकरी कुटुंबाला किंवा चाळीस मुलांच्या शाळेला ते परवडणारे नाही.

छताची आवश्यकता कोठे?

काचेचे छत खरोखर उपयोगी पडते ते कोठे, हेही समजून घेतले पाहिजे. बोरघाटात अथवा कोकणच्या कड्यांखालून गाडी जाते, तेव्हा डोंगर प्रवाशाच्या डोक्यावर असतो आणि धबधबे वरून कोसळत असतात. तेथे छतातून पाहण्याला अर्थ आहे. कृष्णाखोऱ्याचे सौंदर्य निराळे आहे. येथे दृष्टी वर नव्हे, तर दूर जाते. सपाट माथ्यांचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी माळ, आणि खाली नदीकाठची काळी जमीन, असे हे चित्र आडवे पसरलेले आहे. ते पाहण्यास साध्या पॅसेंजर गाडीची उघडी खिडकी पुरेशी आहे. गाडीची मंद गती आणि प्रत्येक लहान स्थानकावरचा थांबा, हे जे तिचे दोष मानले जातात, ते पाहणाराच्या दृष्टीने गुणच होत.

पुण्याहून मिरजेपर्यंत

पुणे–मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मीटरमापी म्हणून बांधला गेला. मिरज–कोल्हापूर शाखा १८९१ साली सुरू झाली. १९७१ साली हा संपूर्ण मार्ग रुंदमापी झाला आणि मुंबईशी थेट जोडला गेला.

पुणे सोडल्यावर शिंदवणे घाट चढून गाडी जेजुरीच्या परिसरात येते. नीरा नदी ओलांडताच सातारा जिल्हा लागतो. लोणंद ही कांद्याची मोठी बाजारपेठ. सालप्यापासून आदर्कीचा घाट सुरू होतो. हा या मार्गावरील सर्वांत प्रेक्षणीय भाग होय. वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन खिडकीतून दिसते आणि खाली नीरेचे खोरे उघडे पडत जाते. घाट चढून गाडी वाठारला येते, तेव्हा आपण नीरेच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात आलेले असतो. 'पाणलोट क्षेत्र' हा शब्द पाठ्यपुस्तकात दहा वेळा वाचून जे उमगत नाही, ते येथे अर्ध्या तासात डोळ्यांना दिसते. मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी वाई–महाबळेश्वरला जाणारे प्रवासी याच वाठारला उतरत असत.

पुढे सातारा आणि कोरेगाव. कोरेगावपासून दक्षिणेकडे मार्ग कृष्णेच्या डाव्या अंगाने जातो. म्हणून मिरजेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. सकाळच्या गाडीत त्या बाजूने ऊनही येत नाही. कराड स्थानक ओगलेवाडीस आहे. काचसामान आणि 'प्रभाकर' कंदील यांमुळे हे नाव एके काळी घरोघरी पोहोचले होते. त्यानंतरचे शेणोली हे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातील ठिकाण. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली येथेच गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम हस्तगत केली. पुढे किर्लोस्करवाडी. १९१० साली औंध संस्थानच्या साहाय्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर ही उद्योगवसाहत उभारली, तेव्हा जवळचे स्थानक 'कुंडल रोड' या नावाने ओळखले जाई. भिलवडी–नांद्रे परिसरात उसाचे मळे रुळांपर्यंत आलेले दिसतात. सांगलीनंतर मिरज जंक्शन येते. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला कृष्णेचे पाणी घेऊन जाणारी गाडी याच स्थानकातून निघाली होती.

भूगोल, शेती, उद्योग, इतिहास आणि पाण्याचे अर्थकारण असे पाच विषय एका दिवसाच्या प्रवासात येतात. त्यासाठी स्वतंत्र बस ठरविण्याची गरज नाही.

खर्च व सवलती

२०२० च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्यांना एक्सप्रेसचे भाडे लागू होते आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले होते. रोज कामावर जाणाऱ्या मजुराला आणि बाजारहाट करणाऱ्या भगिनींना याची झळ बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये किमान भाडे पुन्हा १० रुपये करण्यात आले. पाच वर्षांखालील मुलांना स्वतंत्र आसन न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अनारक्षित डब्यात अर्धे तिकीट पुरते.

ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या अभ्याससहलीस वर्षातून एकदा द्वितीय श्रेणीत ७५ टक्के सवलतीची तरतूद रेल्वेच्या नियमांत आहे. मुख्याध्यापकांनी सहलीपूर्वी पुरेसा अवधी ठेवून मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे अर्ज करावा व आपली शाळा पात्र आहे किंवा कसे, याची खात्री करून घ्यावी. गाड्यांच्या वेळा बदलत असल्याने आदल्या दिवशी स्थानकावर किंवा १३९ क्रमांकावर चौकशी करावी. गाडी दिवसाची निवडावी, कारण घाट अंधारात गेला तर सहलीचा मूळ हेतूच साधत नाही. मुलांना दारात उभे राहू देऊ नये. प्रत्येक दहा मुलांमागे एक शिक्षक असावा.

पंचायतींचे कर्तव्य

या मार्गाची खरी अडचण डब्यांची नसून स्थानकापर्यंत पोहोचण्याची आहे. सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीच्या बाजूस, कराडचे ओगलेवाडीस. गाडीचे तिकीट स्वस्त, परंतु स्थानक गाठण्याकरिता रिक्षाला त्याहून अधिक पैसे, अशी प्रवाशांची स्थिती होते. मग लोक गाडी सोडतात, तिकीटविक्री घटते आणि थांबा टिकविण्याची मागणी दुबळी होते. लहान गावाचा थांबा एकदा गेला, की तो परत मिळविण्यास वर्षे लागतात, याचा अनुभव २०२० नंतर अनेकांनी घेतला आहे.

म्हणून ग्रामपंचायतींनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. गाडीच्या वेळेस जुळणारी एस.टी. फेरी मिळावी, असा ठराव करून तो आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा. स्थानकाकडे जाणारा रस्ता व दिवे सुस्थितीत ठेवावेत. गाडीचे वेळापत्रक चावडीवर आणि शाळेत लावावे. नव्या जलद गाड्यांचे स्वागत अवश्य करावे. सप्टेंबर २०२४ मध्ये या मार्गावर वंदे भारतही सुरू झाली. परंतु लहान स्थानकांवर न थांबणारी गाडी त्या गावाच्या शाळेला उपयोगी पडत नाही, हेही रेल्वेच्या निदर्शनास लेखी आणून द्यावे.

काचेच्या छताचा डबा उद्या या मार्गावर आला, तर आनंदच आहे. आला तर त्यात साध्या तिकिटाच्या प्रवाशांसाठीही काही आसने असावीत, अशी मागणी आजच नोंदविण्यास हरकत नाही. तोपर्यंत पॅसेंजरची खिडकी उघडी आहे. आदर्कीचा घाट पाहण्याकरिता तिकीट काढणारा प्रत्येक विद्यार्थी आपल्या गावाचा थांबा टिकविण्यासही हातभार लावीत असतो, हे आपण सर्वांनी ध्यानी घ्यावे.