शर्ट घेण्याआधी

चि. बंड्यास,


तुझ्या पहिल्या पगाराचं ताईने फोनवर सांगितलं, आणि त्यातले निम्मे पैसे 'विश्वचषकात वापरलेल्या' शर्टात घालायचा तुझा बेतही. मामा म्हणून आनंद झाला. संग्राहक म्हणून पोटात गोळा आला. सोबत प्रमाणपत्र मिळतंय म्हणतोस. अरे, प्रमाणपत्राला घरचा प्रिंटरही पुरतो.

मीसुद्धा एकदा १९९६ च्या विश्वचषकातली म्हणून बॅट घेतली होती. पात्यावर लाल चेंडूचे झकास डाग. महिनाभर मिरवली. मग चहा पिता पिता एका मित्राने विचारलं, "तो विश्वचषक पांढऱ्या चेंडूने खेळले ना रे?" तोवर विकणारा गाशा गुंडाळून पसार झाला होता.

म्हणून आधी वस्तू बघ, कागद मागाहून. मॅराडोनाच्या शर्टाचंच घे. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीतलं अझ्टेका स्टेडियम, फुटबॉल विश्वचषकातला इंग्लंडशी उपांत्यपूर्व सामना. उकाड्यात जाड शर्ट नकोत म्हणून अर्जेंटिनाच्या लोकांनी तिथल्याच दुकानातून हलक्या कापडाचे निळे शर्ट आणले, घाईघाईत त्यांवर बिल्ले शिवले, चकचकीत आकडे इस्त्रीने चिकटवले. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी शर्टाची अदलाबदल केली. (मॅराडोनाने हाताने केलेल्या गोलाआधी चेंडू आपल्याच गोलकीपरकडे उंच उडवणारा हाच पठ्ठ्या!) पुढे कित्येक वर्षं तो शर्ट इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होता. २०२२ मध्ये सदबीजने तो लिलावाला काढला तेव्हा मॅराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली : हा पूर्वार्धातला, त्याचे दोन्ही गोल तर उत्तरार्धातले. पण बिल्ला, पट्टे, आकडे यांतले बारकावे गोलांच्या वेळच्या छायाचित्रांशी ताडून झाले होते. शर्ट ७१ लाख पौंडांना गेला.

मला यातली गंमत घाईत वाटते. हाताने उरकलेल्या कामात खोडी राहतात आणि त्याच साक्ष देतात. कारखान्यातून एकसारखे निघालेले शर्ट असे पकडीत येत नाहीत. तेव्हा विकणाऱ्याला विचार, नेमका कुठला सामना? खेळाडूच्या अंगातून निघाल्यावर कोणाकोणाकडे होता? संघाला दिलेला आणि अंगात घालून खेळलेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक. तो गोलमोल बोलायला लागला की फोन ठेव. पैसे फारच खुपत असतील तर एखाद्या जुन्या सामन्याचं तिकीट घे.

आणि घेतलासच, तर ताईच्या हाती पडू देऊ नकोस. ती तो सर्फमध्ये भिजवेल आणि घामाचे, गवताचे डाग गेले म्हणून तुलाच कौतुकाने दाखवेल. खिडकीसमोर टांगू नकोस; उन्हाने रंग उडतो. पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडून बुरशी बघत जा.

माझी ती बॅट सोसायटीतल्या पोरांना देऊन टाकली. परवाच मधोमध चिरली म्हणे.

तुझा,
मामा