मुक्कामाचा हलका ट्रेलर : निवड व बांधणी

सोलापूरकडून हैदराबादेस जाणारा महामार्ग पटणचेरूवरून शहरात शिरतो आणि शहर ओलांडून विजयवाड्याच्या वाटेला लागताना मलकपेठ येते. मलकपेठच्या घाऊक बाजारात महाराष्ट्रातून कांदा येतो. बाजारात गोणी उतरते ती ट्रकमधून. परंतु तिच्या प्रवासाचा पहिला टप्पा, शेतापासून पक्क्या सडकेपर्यंतचा, चिखल, दगड आणि ओढा यांतून पार पडलेला असतो. ट्रक तेथे पोहोचत नाही. तेथे लागते ते हलके, दोनचाकी, मागे जोडून ओढावयाचे वाहन.

अशाच वाटांनी जनावरांना लस टोचणारी पथके, जमीन मोजणारे कर्मचारी, वनविभागाचे पाहणी पथक आणि शाळांची शिबिरे जात असतात. रात्रीच्या मुक्कामास तंबू, पाणी, शिधा व औषधे बरोबर न्यावी लागतात. अलीकडे शेजारी-शेजारी आसने असलेल्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या लहान रानगाड्या आपल्याकडे आल्या आहेत. त्यांना ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. त्यांत माणसे बसतात, पण सामानाला जागा अपुरी पडते. त्यांच्यामागे जोडावयाचा मुक्कामाचा ट्रेलर कसा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाडीवरचा संसार

ही कल्पना आपणास नवी नाही. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. त्यांतील अनेकांच्या वाट्यास रबरी चाकांची टायरगाडी येते. कोपीचे साहित्य, भांडी, धान्य, अंथरूण आणि लहान मुले असा सारा संसार बैलगाडीवर चढलेला अनेकांनी पाहिला असेल. पुढे तीच गाडी ऊस वाहते. गाडीचे स्वतःचे वजन जितके अधिक, तितका बैलाच्या मानेवर भार अधिक, आणि ते वजन प्रत्येक खेपेस, गाडी रिकामी परततानाही, ओढावे लागते. बैलाच्या जागी इंजिन आले म्हणून हा नियम बदलत नाही. बैल थकला तर थांबतो; इंजिनाला मात्र चालक थांबू देत नाही, आणि चूक उघडकीस येते ती उतारावर.

पटणचेरूचा धडा

हैदराबादजवळ पटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे बैलांनी ओढावयाच्या बहुउपयोगी चाकी अवजारवाहकांवर काम झाले. ‘ट्रॉपिकल्टर’ हा त्यांतील एक असून त्याचे मूळ रचनाकार फ्रेंच तंत्रज्ञ ज्याँ नोल होते. एकाच सांगाड्यास नांगर, कुळव, पाभर जोडता यावी आणि वर साटा ठेवला की त्याचीच गाडी व्हावी, अशी ती योजना होती. प्रक्षेत्रावर ही साधने उत्तम चालली.

तथापि शेतकऱ्यांनी ती फारशी स्वीकारली नाहीत. निरनिराळ्या देशांतील अशा साधनांचा अभ्यास करून पॉल स्टार्की यांनी १९८८ मध्ये जी कारणे नोंदविली, ती मननीय आहेत : किंमत भारी, वजन जास्त, वळविण्यास अवघड आणि एका कामाकडून दुसऱ्याकडे नेताना करावी लागणारी जुळवाजुळव किचकट. ज्यांनी ती घेतली, त्यांपैकी पुष्कळांनी तिचा उपयोग केवळ गाडी म्हणून केला. मुक्कामाचा ट्रेलर घेणाऱ्याने हा धडा प्रथम लक्षात घ्यावा. घडीचे स्वयंपाकघर, कपाटे, छपरावरचा तंबू अशा सोयी एकेक करून वाढत जातात आणि शेवटी ओढणे कठीण होते.

वजनाचा हिशेब

खरेदीपूर्वी वजनाचा तक्ता मांडावा. उदाहरणार्थ, रिकामा ट्रेलर १४० किलो, तंबू-अंथरूण व अवजारे १०० किलो, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो आणि शिधा-औषधे २० किलो. एकूण ३०० किलो. हा आकडा ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या बराच खाली असावा. वाळू, चिखल आणि चढ यांसाठी राखीव ताकद उरली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जोडला जाणारा पाव-टनी ट्रेलर या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. त्याचे रिकामे वजन सुमारे २५० किलो असून खडबडीत भूमीवर सुमारे २२५ किलो भार त्यावर घालीत. म्हणजे त्यास मिळालेली बळकटी वजनाच्या मोलाने मिळाली होती. परंतु त्याची चाके जीपच्याच मापाची होती, हे शहाणपण आजही अनुकरणीय आहे.

तोल

बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळते आणि पुढे आला की जू मानेवर दाबते, हे प्रत्येक गाडीवान जाणतो. ट्रेलरचेही तसेच आहे. जोडावर पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र तो ओढणाऱ्या गाडीच्या जोडास पेलला पाहिजे. वरील ३०० किलोंच्या ट्रेलरात १२ टक्के म्हणजे ३६ किलो. जोडापासून आसापर्यंतचे अंतर २५० सेंटिमीटर असेल, तर गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असला पाहिजे (३६ × २५० ÷ ३०० = ३०). तोच आसाच्या १० सेंटिमीटर मागे गेला, तर जोड १२ किलो बलाने वर उचलला जाईल, ओढणाऱ्या गाडीच्या मागील चाकांची पकड कमी होईल आणि ट्रेलर डोलू लागेल.

पाणी मुक्कामागणिक कमी होत जाते. म्हणून त्याची टाकी आसाच्या अगदी वर आणि शक्य तितकी खाली बसवावी, म्हणजे ती रिती झाली तरी तोल बिघडत नाही.

उंचीचेही गणित आहे. दोन चाकांमधील अंतर १२० सेंटिमीटर व गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर ट्रेलर कागदावर ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडतो. छपरावर तंबू चढवून गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर नेला, तर हीच मर्यादा सुमारे ३४ अंशांवर येते. प्रत्यक्षात खड्डे व हिसके यांमुळे धोका याच्याही बराच आधी उद्भवतो.

चाके

ट्रेलरच्या चाकांमधील अंतर पुढील गाडीइतकेच असावे, म्हणजे ती त्याच चाकोरीतून जातात. चाकाचे माप व नटांची जागा सारखी असल्यास एकच जादा चाक दोहोंस चालते. एका चाकावर १५० किलो भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो असेल, तर ते सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकते. दाब निम्मा केल्यास हे क्षेत्र सुमारे दुप्पट होते. मऊ जमिनीत टायर रुतत नाही तो यामुळे. तथापि निर्मात्याने सांगितलेल्या किमान दाबाखाली जाऊ नये आणि सडकेवर येताच हवा पुन्हा भरावी.

जोड, उतार व मुक्काम

खडबडीत वाटेवर ट्रेलर आणि गाडी निरनिराळ्या बाजूंस कलतात. यास्तव जोड सर्व दिशांना फिरणारा असावा. त्याखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून बांधाव्यात. उतारावर ट्रेलर गाडीला ढकलतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच वेग कमी करावा. ट्रेलर चालू असता त्यात कोणासही, विशेषतः मुलांना, बसवू नये. मुक्कामी प्रथम चाकांस पाचर, नंतर चारही कोपऱ्यांस टेकू आणि त्यानंतरच माणसाने वर चढावे. मागे लाल परावर्तक असावेतच.

विकत घ्यावा की बांधावा?

गावच्या कारागिराकडून सांगाडा बांधून घेणे शक्य आहे. मात्र आस, बेअरिंग, चाके व जोड हे भाग तयार व भारक्षमता नमूद केलेले घ्यावेत. पत्र्याची जाडी वाढविण्याऐवजी सांगाड्यास कोपऱ्यांत तिरके आधार द्यावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटार वाहनाने ओढावयाचा ट्रेलर हेही वाहनच होय. सार्वजनिक रस्त्यावर नोंदणीविना त्याचा वापर करता येत नाही. ओढणाऱ्या रानगाडीसही तीच अट आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. नोंदणी मिळत नसेल, तर वापर आपल्या आवारापुरताच राहील.

ट्रेलरला कोणती सोय जोडावी, यापेक्षा कोणती वगळावी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जी वस्तू तीन मुक्कामांत एकदाही लागली नाही, ती चौथ्या वेळी घरी ठेवावी.

अभ्यास

१. भरलेला ट्रेलर सपाट जागी ठेवून, जोडाखाली वजनकाटा ठेवून जोडभार मोजा. तो एकूण वजनाच्या किती टक्के आहे?

२. पाण्याची टाकी आसाच्या १०० सेंटिमीटर मागे बसविल्यास ४० किलो पाण्याने जोडभार किती कमी होईल? (उत्तर : १६ किलो)

३. गावातील बैलगाडीत भार पुढे-मागे सरकवून गाडी कधी उलाळते ते गाडीवानाच्या मदतीने पाहा व नोंद करा.